रकाना : इतर

आमच्या दवाखान्याच्या रजिस्टरात रकाने ठरलेले.
गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी, इतर.
‘इतर’मध्ये मी एका साली लिहिलं : इमू, चाळीस.
पुढच्या साली : इमू, अकरा.
मग तो रकाना परत गाढवांना मिळाला.

कंपनी सांगून गेली नाही.
सांगलीत विश्रामबागच्या तिच्या गाळ्यात
आधी चष्म्याचं दुकान आलं, मग झेरॉक्सचं.
इकडे उमदीच्या माळावर
एका रात्री जाळीचं फाटक कुणीतरी उघडं टाकलं.
कुणी, ते सगळ्यांना ठाऊक.

पक्षी आहेत, जातील उडून, असं म्हणाले लोक.
पंख मी पाहिलेत, हातानं वर करून :
वीतभर, टोकाला एक नखी,
वाढता वाढता कुणीतरी हाक मारावी
आणि परत यायचं राहून जावं, तसे.

बरेचसे कुत्र्यांनी संपवले.
दोन विजापूर रोडला, ट्रकखाली.
एक तेवढा
मायाप्पा कोळेकराच्या मेंढरांत जाऊन उभा राहिला.
मेंढरांनी मान वर केली, बघितलं,
मान खाली घातली.
झाला दाखला.

मी विचारलं, उडत नाही तर जगतंय कसं हे?
मायाप्पा म्हणाला, “चालतंय न्हवं, सायेब.”
दोनांतलं कुठलं चालणं, ते मला
मोटारसायकल सुरू करताना कळलं.

तो खायचा बाभळीच्या शेंगा, टोळ, निवडुंगाची बोंडं,
वर खडे, दळायला.
एकदा सायकलच्या घंटीचं झाकण गिळलं
आणि काही झालं नाही.
मान अशी उंच की लांडगा तिकडच्या ओढ्याला असतानाच
इकडे त्याच्या गळ्यात गुरगुर सुरू.
लाथ कशी बसते म्हणाल,
तर लांडग्याचं मला माहीत नाही;
मायाप्पाच्या कुत्र्याला चुकून बसली होती.
सात टाके मीच घातले.

मार्गशीर्षात मेंढरं भीमाकाठी न्यायची वेळ आली
आणि हा उठेना.
तोडणी झालेल्या मळ्यात, वाळक्या वेलांत
एक राहिलेलं कलिंगड,
बुटकं, गडद हिरवं. इमूचं अंडं असतं तसलंच.
त्यावर बसला होता. पाय दुमडून, मान मातीवर टाकून.

मायाप्पानं काठी उचलली.
हौसाक्का मध्ये आली : “बसलेलं उठवत न्हाईत.”
मेंढरं पोराबरोबर पुढं गेली, मायाप्पाही गेला,
ती राहिली. एक पाल, तीन कोकरं, एक तवा.

मी पुस्तकातलं सांगितलं तिला.
मादी अंडी घालून निघून जाते, नर बसतो,
आठ आठवडे, चारा नाही,
अंगातल्या चरबीवर.
ती हसली, पदर तोंडाला लावून, बराच वेळ.
“बाप्यानं बसायचं, बाईनं फिरायचं.
बरी जात हाय ही.”
तरी रोज तिन्हीसांजेला जर्मनची वाटी भरून ठेवायची.
सकाळी वाटीत पाणी तेवढंच, वर एखादी माशी.

कलिंगड हे, त्याला सांगायला हवं होतं का कुणी?
मी लस टोचायच्या निमित्तानं चारदा गेलो.
तो दिवसातून कितीदा तरी उठायचा अर्धा,
चोचीनं ते फळ हळूच फिरवायचा,
खालची बाजू वर,
आणि परत बसायचा. मी सांगितलं नाही.

त्रेपन्नाव्या दिवशी उठला.
हाडांवर पिसं घातल्यासारखा दिसत होता.
डोणीवर गेला, पाणी प्याला, थांबला, परत प्याला.
कलिंगड एका बाजूनं बसलं होतं;
कोकरांनी ते बियांसकट खाल्लं.
त्यानं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

मी रजिस्टर काढलं. इतर : एक.
सांगलीहून साहेबांचा फोन, इतर म्हणजे काय हो?
म्हटलं, येऊन बघा. कोण येतंय.

दुपारी हौसाक्कानं पाल गुंडाळून डोक्यावर घेतलं.
पुढे कोकरं, मग तो, मग ती.
मोरीपाशी तिच्या पायतणात काटा घुसला, ती खाली बसली.
तोही थांबला,
एक पाय उचललेला तसाच धरून,
तीन बोटं हवेत.